उजवं-डावं

मंगळ, गुरू, शनि. दुपारी साडेबाराला वजनकाट्यावर.
बूट काढा, कोट काढा, शोना म्हणते,
खिशात काय आहे?

खिशात आगपेटीएवढं गाण्यांचं यंत्र.
केतकीनं ॲबर्डीनहून पाठवलेलं, सोबत चिठ्ठी:
आई, वापरून बघ,
नाही पटलं तर तीस दिवसांत परत करता येतं.

आज एकविसावा दिवस.
डंडीच्या या इस्पितळात चार तास खुर्चीत,
डावा हात मशीनच्या ताब्यात, दोन सुया, दोन नळ्या,
रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येतं.
उजवा मोकळा.
उजवं-डावं करायला
माणसानं याहून बरी जागा कुठे शोधावी?

उजवं आधी.
चिमटा आहे, शालीच्या काठाला बसतो.
पडदा नाही, म्हणून चष्माही नको.
एकदा पोटभर वीज प्यायलं की माझ्या तीन फेऱ्या निघतात.
आणि याच्यावर फोन येत नाही.
हे लक्षात आलं तेव्हा मी ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं.
यातून कुणी पोटॅशियम किती आलं विचारत नाही,
साताऱ्याची वन्सं गोखरूचा काढा सुचवत नाहीत.

डावं.
बटणं एवढाली की अंगठा एकदम दोन दाबतो,
आवाज वाढवायला जावं तर गाणंच पुढे पळतं.
मागे आणायचं तर तीनदा दाबायचं,
हे कुठेही लिहिलेलं नाही.
कानातलं बोंड निसटून डाव्या बाजूला पडलं
की शोना येईपर्यंत एका कानावर भागवायचं,
बासरी इकडे, तबला गादीखाली.
शिवाय यात केतकीनं भरलंय ते
तिला आठवणाऱ्या आईचं:
मेथी निवडताना गुणगुणणाऱ्या बाईचं.
त्या बाईला यातलं अर्धं कधी आवडलंच नव्हतं,
रेडिओवर लागायचं, एवढंच.

शेजारच्या खुर्चीत फर्गस लिंडसे.
बत्तीस वर्षं जहाजांना रंग दिला.
त्याचा एकच प्रश्न: यात रेडिओ आहे?
नाही.
मग शनिवारचे गोल कसे कळणार?
कोटाचं बटण तुटलं तर लाव ते तिथे, म्हणाला.

आता गुरुवारचं.
माझे डोळे मिटलेले, दोन्ही कान भरलेले.
डोळे उघडले तर फर्गसचे ओठ हलत होते,
बराच वेळ हलत असावेत.
मी हसून मान डोलावली,
आपण डोलावतो तशी, अगदी मनापासून.
तो छताकडे बघत राहिला.
कोट घालताना शोनानं सांगितलं:
नव्या किडनीच्या यादीत त्याचं नाव लागणार नाही,
हृदय झेपणार नाही म्हणतात.
ते तो मला सांगत होता.

हे कुठल्या पारड्यात टाकू?
यंत्राचा काय दोष, कान माझे.
आणि कान माझे, तर यंत्राचा काय उपयोग?

रात्री झोप आली नाही की डावं मनगट कानाशी धरते.
तिथे डॉक्टरांनी शीर शिरेला जोडलीय,
आत सतत घरघर चालते,
एकाच तारेवर कुणी विसरून ठेवलेलं बोट.
ते थांबलं नाही ना, एवढ्यासाठी रोज ऐकायचं असतं.
त्याला बटण नाही.

आज म्हटलं, एक बोंड फर्गसला द्यावं.
वायर पुरली नाही.
खुर्च्यांमध्ये दोन मीटर, वायर सव्वा.
हेही डाव्यात.
मग यंत्र खिशात ठेवून म्हटलं, गुरुवारचं पुन्हा सांग.
कुठलं? म्हणाला, आणि
त्याच्या संघानं गेल्या शनिवारी खाल्लेल्या तीन गोलांचं
सव्वा तास सांगत बसला.
मी तिन्ही ऐकले.

साडेचार वाजले तोवर बाहेर रात्र,
टे नदीवरचा पूल नुसत्या दिव्यांचा.
पुन्हा काटा. एक किलो नऊशे उतरलं.
खिशात काय आहे?
अठ्ठावीस ग्रॅम, म्हटलं.
काटा शंभराच्या खालचं दाखवत नाही.

खोकं अजून कपाटात आहे, पावतीसकट.
नऊ दिवस आहेत.